पडलेला खडा

आंधळगावच्या सेवकरामची थोरली पोरगी धुरपता ऐन धानकापणीत, बांधीतच आडवी झाली. हातात विळा होता, पदर खोचलेला होता, आणि एकाएकी उजवी कूस दाबून ती खाली बसली ती गडबडा लोळायलाच लागली. आजूबाजूच्या बांध्यांमधून बाया धावत आल्या. कोणी म्हणे पान लागलं, साप चावला, कोणी म्हणे बाहेरचं काही आहे. तिची आई चंद्रभागाबाई सगळ्यांच्या आधी पोचली. तिनं पोरीच्या तोंडावर हात दाबून धरला आणि आधी बायांना वाटेला लावलं.

"काही नाही व, वाताचा गोळा हाय. जा तुमी आपापल्या कामाले."

बाया गेल्या, पण वळून वळून पाहत गेल्या. चंद्रभागाबाईला दुखण्यापेक्षा त्या वळून पाहण्याचीच धडकी भरली, कारण धुरपताचं लग्न जमलेलं होतं. मुलगा शहापूरचा, जागेश्वर नावाचा, जवाहरनगरच्या फॅक्टरीत कायम झालेला. क्वार्टर मिळालेलं, क्वार्टरात नळ. हे स्थळ चंद्रभागाबाईनं स्वतः एका नातलगाच्या तेरवीत हेरलं होतं आणि नवऱ्याच्या मागे लागून जुळवलं होतं. तिची स्वतःची सगळी उमर डोक्यावर गुंड घेऊन विहिरीचं पाणी ओढण्यात गेली होती. "माह्या पोरीनं चावी फिरवली का पाणी," हे ती गावात इतक्यांदा बोलून गेली होती की तिला येताना पाहिलं की बाया पदराआड हसत. आता पोरीत काही खोट निघाली तर त्याच बाया पदर न घेता हसणार होत्या.

दोन दिवसांनी पुन्हा कळ आली, उलट्या झाल्या, लघवी लाल झाली. सेवकराम आणि चंद्रभागाबाईनं पोरीला भंडाऱ्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं फोटो काढायला लावला आणि तो खिडकीच्या उजेडात धरून बोट ठेवलं.

"मुतखडा आहे. किडनीतून निघाला आणि खाली नळीत येऊन अडकला. लाखोळीच्या दाण्याएवढा आहे."

"औषध हाय का त्याले?" सेवकरामनं विचारलं.

"आहे ना. या गोळ्यांनी नळी ढिली पडते, कळ थांबते. पाणी भरपूर पाजा, कुलथीचा काढा दिला तरी चालेल. पाण्याच्या जोरानं खडा खाली सरकतो आणि पडतो. एवढा खडा बहुतेकांचा पडतोच. पण महिनाभरच वाट पाहायची. नाही पडला तर नागपूरला नेऊन काढावा लागेल."

"काढाचा म्हंजे?"

डॉक्टरनं स्वतःच्या कुशीवरून बोट फिरवून दाखवलं. ते बोट बरंच लांब फिरलं.

"डाग राहीन का?"

"राहील की."

सेवकरामनं बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "औषधच द्या साहेब."

गोळ्या लिहून झाल्यावर डॉक्टर चंद्रभागाबाईकडे वळला. "बाई, हे तुम्ही ऐका. लघवी दर वेळी फडक्यातून गाळून पाहायची. खडा हाताला लागला पाहिजे. आणि कळ थांबली म्हणजे खडा पडला असं समजू नका. कधी कधी खडा तिथंच राहतो आणि दुखणं थांबतं. ते जास्त वाईट. आतल्या आत किडनी मरते, कोणाला पत्ता लागत नाही. पडलेला दिसला नाही तर पुन्हा फोटो काढायला आणा."

चंद्रभागाबाईनं मान हलवली. तिला ते नीट समजलं होतं. धुरपता बाहेर बाकावर बसली होती. आत काय बोलणं झालं ते तिला कोणी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून घरात धुरपताचं लग्न आणि धुरपताचा खडा असे दोनच विषय राहिले. सकाळी उठल्याबरोबर कुलथीचा काढा, मग गोळी, मग तांब्यावर तांब्या पाणी. पोट तटतटून ती रडकुंडीला यायची. "पुरे माय, आता जात नाही," असं म्हणाली की चंद्रभागाबाई तिची हनुवटी धरून तांब्या तोंडाला लावायची. धाकटी बेबी दाराशी उभी राहून पाहायची आणि आपल्याला दुखत नाही याचं तिला बरं वाटायचं. कळ आली की चंद्रभागाबाई आधी दार लोटायची आणि मग लुगड्याचा बोळा पोरीच्या तोंडात द्यायची. शेजारी परसरामचं घर होतं, भिंत एकच होती. बोळा चावून चावून धुरपताच्या ओठांच्या कडा चिरल्या. आई त्यांना लोणी लावायची आणि म्हणायची, "साक्षगंधापावेतो भरून यायले पायजे."

सेवकरामचा वेगळाच इलाज होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की हादऱ्यानं खडा लवकर खाली उतरतो. तो पोरीला रिकाम्या बंडीत बसवायचा आणि बैलांना मारत मारत दगडाच्या पांदणीनं पळवायचा. ती बंडीच्या दांड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची. घरी आल्यावर ओट्यावरून खाली उड्या मारायला लावायचा. एकदा तिसऱ्या-चौथ्या उडीला ती खाली पडली ती उठेचना, तर तो म्हणाला, "नाटक नोको करू. उठ. तुह्याच भल्याचं हाय." आणि रोज शेतातून आला की पाय धुता धुता त्याचा एकच प्रश्न असायचा.

"पडला का?"

"नाही जी," चंद्रभागाबाई म्हणायची.

साक्षगंधाच्या दिवशी पाहुणे आले आणि नेमकी त्याच वेळी कळ सुरू झाली. माजघरात धुरपता भिंतीला डोकं घासत होती. बाहेर सतरंजीवर जागेश्वरची आई सीताबाई बसली होती आणि मुलीला बाहेर आणा म्हणत होती. चंद्रभागाबाईनं पुडीतून गोळ्या काढल्या, एकीच्या जागी तीन दिल्या आणि थोड्या वेळानं आणखी एक. कळ थांबली. पण पोरीच्या तोंडाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांसमोरचं सगळं पुसट झालं. आई आणि बेबीनं दंड धरून तिला बाहेर आणलं. सीताबाईनं कुंकू लावलं, हनुवटी वर केली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. गोळ्यांनी बुबुळं पसरून डोळे काळेभोर झाले होते.

"केवढे डोळे हायेत पोरीचे," सीताबाई म्हणाली. "आमच्या जागेश्वरनं हेच पाहिले असन."

"आपल्या आजीवर गेली," चंद्रभागाबाई म्हणाली.

धुरपतानं ज्याच्या हातून अंगठी घालून घेतली त्याचं तोंड तिला त्या दिवशी दिसलं नाही. तिला फक्त एक पांढरा सदरा दिसला.

पुढे काही दिवसांनी कळा थांबल्या. आधी चंद्रभागाबाईला विश्वास बसेना. रोज ती पोरीच्या तोंडाकडे पाहायची, पण कळ येत नव्हती. धुरपता जेवायला लागली, कामाला लागली, तिच्या गालांवर थोडं मांस आलं. फडक्यात मात्र काहीच सापडलं नव्हतं. डॉक्टरचं बोलणं चंद्रभागाबाईला आठवत होतं. तिनं एकदा नवऱ्याजवळ विषयही काढला, "पुन्हा एकदा फोटो काढून पाहाचा का?"

सेवकराम चिडला. "फोटो काढून काय होते? पडला तर पडला, नाही तर नाही. तू पाह्यला का पडताना?"

"नाही."

"मंग आत हाय. मी उद्या शहापूरले निरोप धाडतो. लग्न मोडते त मोडते. चिरून आणू अन् ठेवू घरात. बेबीचं तरी नीट होईन. फसवून दिली म्हणून लोकांनी माह्या दारात येऊन थुंकावं, हे मले चालणार नाही."

त्याचा आवाज पक्का होता. सेवकराम एकदा बोलला की फिरत नसे, हे चंद्रभागाबाईला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धोतर नेसून, टोपी घालून निरोप द्यायला निघायच्या तयारीत होता. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिच्या बोटांना एक खडा लागला. काळसर होता, लाखोळीच्या दाण्याएवढा. तिनं तो तांदळातून काढला, उठून मोरीकडे गेली, पाण्यात बुडवला आणि फडक्यावर ठेवून नवऱ्यासमोर धरला.

"पडला," ती म्हणाली. "आताच."

सेवकरामनं तो दोन बोटांत धरला, उजेडात फिरवला, दातांनी चावून पाहावा तसा तोंडाजवळ नेला आणि मग दूर केला. त्याच्या तोंडावर आलेलं हसू तिनं लग्न झाल्यापासून क्वचितच पाहिलं होतं.

"एवढ्याशा दगडानं जीव खाल्ला होता," असं म्हणून त्यानं तो अंगणात भिरकावला आणि टोपी काढून खुंटीला टांगली.

धुरपता गोठ्यातून आली तेव्हा चंद्रभागाबाईनं तिलाही सांगितलं.

"मले तर काही समजलं नाही," धुरपता म्हणाली.

"तुले कसं समजन? बारीकसाच होता."

"कुठी हाय?"

"तुह्या बाबानं फेकला."

धुरपतानं अंगणात एक नजर टाकली. मग तिनं शेणाचे हात धुतले आणि भाकरी घेऊन बसली. त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या, काढा बंद झाला.

वैशाखात लग्न झालं. चंद्रभागाबाई लेकीला पोचवायला जवाहरनगरपर्यंत गेली, क्वार्टरातला नळ तिनं स्वतःच्या हातानं सोडून पाहिला आणि त्याखाली पाय धुतले. परत आल्यावर आठवडाभर ती त्या नळाचंच बोलत होती.

पावसाळा बरा गेला. दिवाळीच्या आसपास धुरपताला थंडी वाजून ताप यायला लागला. मलेरिया समजून औषधं झाली. ताप उतरे, पुन्हा चढे. उजवी बाजू फुगली, हात लावू देईना. जागेश्वरनं तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं आणि आंधळगावला निरोप आला. सेवकराम आणि चंद्रभागाबाई पोचले तोवर ऑपरेशन झालं होतं. उजवी किडनी काढून टाकली होती. आत नुसता पू होता.

डॉक्टर राउंडला आला तेव्हा खाटेभोवती सगळेच होते. जागेश्वर पायथ्याशी, सीताबाई स्टुलावर, सेवकराम आणि चंद्रभागाबाई भिंतीला टेकून.

"नळीत खडा होता," डॉक्टर म्हणाला. "तो पुष्कळ दिवसांचा अडकलेला आहे, कमीत कमी वर्षभराचा. किडनी अशी चार दिवसांत सडत नाही. आधी कळा आल्याच असतील. लग्नाच्या आधी कोणी दाखवलं होतं का हिला?"

सीताबाईनं मान वळवून व्याह्यांकडे पाहिलं.

"नाही साहेब," सेवकराम म्हणाला. "आमाले काहीच माहीत नाही. पोरीनं कधी सांगितलंच नाही."

धुरपताच्या नाकात नळी होती. तिनं डोळे उघडून आईकडे पाहिलं. सीताबाईही चंद्रभागाबाईकडेच पाहत होती, जागेश्वरही पाहत होता.

"तुमी सांगा इहीणबाई," सीताबाई म्हणाली. "तिची माय तुमी. तुमाले त ठाऊक असन."

"नाही जी," चंद्रभागाबाई म्हणाली. "मले नाही सांगितलं इनं."

धुरपतानं डोळे मिटले. जागेश्वर खाटेजवळून बाजूला झाला आणि पाणी प्यायला म्हणून गेला तो त्या दिवशी वॉर्डात परत आला नाही.

बाहेर वऱ्हांड्यात सेवकरामनं बायकोला विचारलं, "तो खडा त पडला होता ना?"

"पडला होता."

"मंग हा दुसरा असन. पोटात खाणच दिसते." आणि तो बिडी ओढायला बाहेर गेला.

टाके निघाल्यावर सीताबाईनं सुनेला क्वार्टरवर नेलं नाही. सरळ आंधळगावला आणून सोडलं. मग जातीतले चार लोक बसले. सीताबाई म्हणाली, पोरगी लबाड निघाली, दुखणं लपवून आमच्या घरात शिरली, अर्धं शरीर कापलेली बाई आमी काय करू. धुरपता आत बसून ऐकत होती. तिला कोणी बोलावलं नाही. काडीमोड ठरला. सगळे उठायच्या बेतात होते तेव्हा सीताबाई जराशी थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "घर तुमचं चांगलं हाय, त्याले आमी नाव ठेवत नाही. धाकटी असन निर्मळ, त तिले द्या. जागेश्वरची ना नाही."

सेवकरामनं विचार करायलाही वेळ घेतला नाही. "देतो," म्हणाला.

"पण आधी फोटो काढाचा. दोन्ही बाजूचा. आमच्या माणसासमोर."

"काढू."

बेबीला त्याच आठवड्यात भंडाऱ्याला नेऊन फोटो काढला. बेबी निर्मळ निघाली. सेवकराम येताना पेढे घेऊन आला आणि त्यानं धुरपताच्याही हातावर एक ठेवला. तिनं तो खाल्ला.

चंद्रभागाबाईला वाटलं होतं बेबी रडेल, नाही म्हणेल. निदान बहिणीचं तोंड पाहून दोन दिवस गप्प बसेल. बेबीनं त्याच संध्याकाळी चुलीपुढे बसून बहिणीला विचारलं, "त्यायले भाजी तिखट लागते का फिकी?"

"तिखट," धुरपता म्हणाली.

"अन् सासू? लय बोलते का?"

"बोलते. तू आयकून घेजो."

"नळाले पाणी दिवसभर राहते?"

"सकाळी राहते, संध्याकाळी राहते. मधात नाही."

चंद्रभागाबाई भाकरी थापत होती. दोघी बहिणी बाजाराच्या गोष्टी बोलाव्या तशा बोलत होत्या, आणि तिच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली.

हळदीच्या दिवशी तिनंच धुरपताला सांगितलं, "तू दोन दिवस शेतातल्या झोपडीत जा. नवरदेवाच्या नजरेले पडलं त बरं दिसत नाही. लोकं नावं ठेवतात." धुरपतानं शिदोरी बांधली आणि गेली. मांडवात त्याच जावयाचे पाय चंद्रभागाबाईनं पुन्हा धुतले. जागेश्वरनं नवे बूट घातले होते. त्यानं सासूकडे पाहिलं नाही, तिनंही मान वर केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सेवकरामनं धुरपताची सोय लावली. नागझिऱ्याच्या जंगलाकडल्या एका खेड्यातला डोमा नावाचा बिजवर, बायको मेलेली, दोन लहान लेकरं. त्याला तिच्या दुखण्याचं काही सांगायचं नाही, असं सेवकरामनं घरात बजावलं होतं. "नवऱ्याशी पटलं नाही, एवढंच बोलाचं." डोमा एकटाच आला, सोबत कोणी नाही. ओट्यावर बसला, चहा घेतला. चंद्रभागाबाईनं धुरपताला बाहेर आणलं.

धुरपता खाली बसली नाही. ती डोमासमोर उभी राहिली, पदर बाजूला केला आणि पोलकं वर उचलून कूस उघडी केली. पाठीपासून पोटापर्यंत गेलेला, जाड, जांभळा डाग होता.

"पाहून घ्या," धुरपता म्हणाली. "एक किडनी काढली माही. खडा होता. लग्नाच्या आधीपासून होता. ह्यायले माहीत होतं, मले माहीत होतं. आता एकच हाय. चालते का पाहा."

सेवकराम उठला आणि त्यानं तिच्या तोंडात मारली. ती हलली नाही. दुसऱ्यांदा मारायला त्यानं हात उचलला तसा डोमा मध्ये आला. तो धिप्पाड नव्हता, पण त्यानं सेवकरामचा हात धरला आणि सोडला नाही. मग धुरपताकडे पाहून त्यानं विचारलं, "आता दुखते का?"

धुरपतानं पोलकं खाली ओढलं. चंद्रभागाबाई दारात उभी होती. कळा सुरू झाल्यापासून या घरात "पडला का" हे शेकडो वेळा विचारलं गेलं होतं. दुखते का, हे तिनं स्वतः तरी कधी विचारलं होतं का, ते तिला आठवेना.

"थंडीत दुखते," धुरपता म्हणाली.

"आमच्याकडे थंडी लय असते," डोमा म्हणाला. "पण सरपण भरपूर हाय."

ती दुसऱ्याच दिवशी त्याच्यासोबत गेली. ना मांडव झाला, ना पाहुणे. जाताना ती बापाच्या पाया पडली नाही, आईच्याही नाही. एक लुगड्यांचं गाठोडं होतं, ते तिनं स्वतःच उचललं.

बेबी माहेरी यायची बंद झाली, कारण आंधळगावच्या हवेत खडे होतात असं सीताबाईनं ठरवून टाकलं होतं. सणाला निरोप गेला की उलटा निरोप यायचा, सवड नाही. सेवकराम म्हणायचा, सुखात असन म्हणूनच येत नाही. घरात दोघंच उरली. जेवताना तो आपल्या ताटाकडे पाही, ती आपल्या.

दोन-तीन वर्षांनी चंद्रभागाबाई एकदा नवऱ्याला न सांगता बसनं धुरपताच्या गावी गेली. खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून ती गेली होती. धुरपता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. सवतीची लेकरं तिच्या मागे मागे होती, धाकटं तिला माय म्हणत होतं. तिनं आईला पाहिलं, लगबगीनं तांब्याभर पाणी आणून दिलं, बसायला गोधडी टाकली. डोमानं कोंबडं कापलं. जेवण झालं, पान झालं. धुरपतानं आग्रह करून वाढलं होतं, कशात काही कमी पडू दिलं नाही. डोमा बैल सोडायला गेला तेव्हा चंद्रभागाबाईनं लेकीचा हात धरला.

"धुरपते, तो खडा—"

"भात आणखी घेतला असता," धुरपता म्हणाली आणि हात सोडवून तिनं उष्टी ताटं उचलली. "तुमी फारच कमी जेवता आता."

चंद्रभागाबाईला आधी समजलंच नाही की हे बोलणं आपल्याशीच चाललं आहे. पोरगी जन्मापासून तिला तू म्हणत आली होती.

"आता निघा," धुरपता ताटं घेऊन उभी राहत म्हणाली. "नाही त शेवटली बस चुकन तुमची."

तिनं लेकरांना बोलावून आजीच्या पाया पडायला लावलं आणि मोठ्याला सोबत दिलं, बसच्या थांब्यापर्यंत पोचवायला. स्वतः फाटकापर्यंत आली. चंद्रभागाबाईनं वळणावर मागे पाहिलं तेव्हा ती आत गेलेली होती.